रेघेतली फट

१

नकाशावरचा आपला निळा ठिपका कधी एका जागी स्वस्थ बसत नाही. माणूस खुर्चीत निवांत बसलेला असला तरी तो चार पावलं इकडे, दोन पावलं तिकडे असा चुळबुळत राहतो. वर उपग्रह फिरत असतात आणि त्यांचा अंदाज सारखा थोडा चुकतो, थोडा सुधारतो. दीड वर्ष नकाशांच्या नोकरीत काढलेल्या पर्णिकाला ही चुळबुळ इतकी सवयीची झाली होती, की ती थांबल्याबरोबर तिच्या लक्षात आलं. शेजारच्या घरातला मिक्सर एकाएकी बंद व्हावा आणि आपण मान वर करावी, तसं.

ठिपका हलत नव्हता.

शुक्रवार होता, सकाळचे आठ. अल ऐन शहर मागं टाकून दक्षिणेला दीड तास आत, वाळूत, क्लायंटच्या जुन्या पाहुणेघराच्या ओट्यावर ती उभी होती. तिनं फोन झटकला, ॲप बंद करून परत उघडलं. ठिपका तिथंच. ती ओट्यावरून उतरली आणि आवार ओलांडून लोखंडी फाटकापर्यंत गेली. मोजून साठ पावलं. स्क्रीनवर ठिपका मात्र बैठकीच्या खोलीतच, भिंतीत खिळा ठोकून ठेवावा तसा.

"यहया भाई, आपका जीपीएस चल रहा है?"

यहया गाडीच्या बॉनेटवर डबा उघडून बसला होता. साठीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, एकोणीस वर्षं कंपनीची गाडी चालवत होता. पर्णिकाच्या आईनं, संध्यानं, त्याचा डबा वेगळा बांधून दिला होता. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कैरीचं लोणचं. "यहया भाई बरोबर असतील तरच जायचं," ही तिची अट असायची आणि डबा त्या अटीतलाच.

"मेरा जीपीएस इधर है, बेटा." त्यानं पुरी धरलेल्या हातानं कपाळावर टिचकी मारली. "उन्नीस साल में एक बार अपडेट नहीं माँगा."

ती हसली. आणि हसतानाच तिला तो आवाज ऐकू आला. किर्र... मग थोडं थांबून, किर्र. लांबून, वाळूच्या पाठीमागून. पर्णिका एवढी दचकली की फोन हातातून निसटता निसटता राहिला. कुकरच्या शिट्टीलाही दचकते म्हणून घरात आणि ऑफिसात तिचं नावच दचकू पडलं होतं. पण हा आवाज तिच्या ओळखीचा होता. गुहागरला मामाच्या विहिरीवर पोहरा वर येताना रहाट असा किरकिरायचा.

"यहाँ कोई कुआँ है?"

"कुआँ?" यहयानं बोटं चाटली. "टैंकर आता है, हफ़्ते में एक दफ़ा."

हवेत बारीक धूळ होती. आभाळ आणि वाळू यांच्यामधली रेघच पुसली गेली होती. छातीएवढी कुंपणाची भिंत, तिच्या आत दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, मागं धडधडणारा जनरेटर. बाकी काही नाही. पर्णिकानं ओढणी नळाखाली भिजवून तोंड पुसलं आणि ती पिवळीजर्द ओढणी फाटकावर वाळत घातली. नकाशावरचे सहा बिंदू जागेवर तपासायचे, फोटो काढायचे, दोनपर्यंत घरी. असं ठरलं होतं.

२

काम साधं होतं. सत्तर वर्षांपूर्वी, इथं इंग्रजांचा वरचष्मा होता तेव्हा, शेखांच्या हद्दी ठरवायला एक इंग्रज अधिकारी जीप घेऊन वाळवंटभर हिंडला होता. वाळूत ना ओढा ना बांध. रेघ मारायची तर कशाच्या आधारानं? मग तो भेटेल त्या उंटवाल्या टोळीला तेच तीन प्रश्न विचारी. पाणी कुठल्या विहिरीचं पिता? जनावरं कुठवर चारता? जकात कोणाला देता? उत्तरं मिळतील तशी त्याची शिसपेन्सिल पुढं सरके. ते चौदा कागद आता एका प्रदर्शनासाठी हवे होते. स्वच्छ करून, रंगवून, नव्या नकाशावर बसवून.

शहरात, अल कुसैस भागात खोक्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर दत्तप्रसादांचं चार टेबलांचं ऑफिस होतं. दत्ता सर, शुभ्रा, पर्णिका आणि गाडी चालवायला यहया. तेरा कागद सरळ गेले. प्रत्येक टोळीचं चराऊ रान म्हणजे एक बंद आकार. रेघ जिथून निघाली तिथंच परत येऊन मिळायची आणि आतला भाग पिवळा भरायचा. फक्त नववा कागद अडला. त्याची रेघ सगळं रान फिरून आली आणि ईशान्येला, जेमतेम चारशे मीटर उरले असताना, थांबली. पेन्सिल उचलून ठेवल्यासारखी. सॉफ्टवेअरनं तिथं लाल ठिपका लावला. गॅप.

"राहू दे ना," शुभ्रा म्हणाली होती. ती पर्णिकाहून सहा वर्षांनी मोठी, दोन पोरांची आई, तिला कशाचीच घाई नसायची. "सोमवारी विचारू क्लायंटला. मुद्दाम सोडली असेल."

"मला ते उघडं बघवत नाही गं."

"दचकू, रेघ आहे ती. फ्रीजचं दार नाही."

पण पर्णिकाचं तसंच होतं. गॅसची कळ ती तीनदा बघायची. लिफ्टपाशी जाऊन परत येऊन कुलूप ओढून बघायची. कुठं काही उघडं राहिलं की तिला चैन पडत नसे, आणि बंद केलं की हायसं वाटे.

काचेपलीकडून दत्ता सरांनी विचारलं होतं, "पर्णिका मॅडम, एरर किती?"

"एक, सर."

"एक म्हणजे शून्य नव्हे. यल्ला, चला, खलास करा. उद्या बाराला फाइल जाणार म्हणजे जाणार."

गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला तिनं रेघेच्या दोन्ही टोकांवर क्लिक केलं. रेघ जोडली गेली. आतला सगळा भाग हळूच पिवळा भरला, एरर शून्य झाले, आणि तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. हे बरं वाटणंच तिला नंतर टोचत राहिलं.

३

पहिले तीन बिंदू पाहुणेघराच्या आसपासचेच होते. चौथा ईशान्येला, चार किलोमीटरवर. बरोबर त्या फटीच्या जागी.

यहयानं टायरमधली हवा उतरवली आणि गाडी वाळूत घातली. पर्णिका मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. दहाएक मिनिटांनी धुळीतून एक भिंत पुढं आली. छातीएवढी, सिमेंटची.

"इथं अजून एक घर आहे?" ती मराठीतच बोलून गेली.

यहयानं गाडी हळू केली. फाटक आलं. फाटकावर पिवळी ओढणी वाळत होती.

गाडी फाटकापाशीच थांबली. मग यहया हसला. "धूल है, बेटा. राउंड लग गया. रेत में होता है."

होतं असं, पर्णिकानं स्वतःला समजावलं. वाळूत माणूस सरळ जातोय असं समजून गोल फिरतो, एका पायावर जरा जास्त भार पडतो, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. पण गाडीला पाय नसतात. आणि यहयानं स्टिअरिंग कुठं वळवलंच नव्हतं.

"चौथा पॉइंट छोड़ो," ती म्हणाली. "घर चलते हैं. डांबरी सड़क तक."

ते सकाळी आले तेव्हाच्या चाकांच्या खुणा अजून स्पष्ट होत्या. यहयानं चाकं त्याच खुणांवर ठेवली. पर्णिकानं खिडकीतून मान बाहेर काढून त्या खुणांवरची नजर हलू दिली नाही. धूळ डोळ्यांत गेली तरी नाही. दोन समांतर पट्टे, सरळ. कुठं वळण नाही, कुठं फाटा नाही. सुतासारखे सरळ जात जात ते दोन पट्टे एका लोखंडी फाटकापाशी आले आणि आत शिरले. फाटकावर पिवळी ओढणी होती.

यहया खाली उतरला. उकिडवा बसला आणि बोटानं चाकाच्या खुणेची कड चाचपून बघितली. मग उठून त्यानं हात पँटला पुसले, आणखी एकदा पुसले.

त्यानं विनोद केला नाही. पर्णिकाला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटली.

तिनं फोन पाहिला. दोनदा बाहेर जाऊन आली होती ती, पण ठिपक्यामागं एक रेषही उमटली नव्हती. तो बैठकीच्या खोलीतच होता. तो कुठं गेलाच नव्हता.

किर्र, वाळूमागून आवाज आला. आता पहिल्याइतक्या लांबून नाही.

"सुना?"

यहयानं ऐकलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. "तू अंदर बैठ," तो म्हणाला. "एसी चला ले. मैं अकेला जाता हूँ. पीछे ऊँटों का एक फ़ार्म है, किसी को ले आता हूँ."

"मी पण येते. मैं भी आती हूँ."

"गाड़ी फँसी तो तू धूप में बैठेगी? तेरी अम्मी को क्या मुँह दिखाऊँगा?" मग जरा मऊ आवाजात, "देख, हर पाँच मिनट पे तीन हॉर्न दूँगा. हॉर्न सुना, समझ ले मैं ठीक हूँ."

४

पहिले तीन हॉर्न ईशान्येकडून आले. पीप, पीप, पीप. बैठकीच्या खोलीत गादीच्या कडेवर बसून पर्णिकानं घड्याळ बघितलं. दहा पस्तीस.

दुसरे तीन त्याच बाजूनं, थोडे अंधुक. छान, तो लांब चालला होता.

तिसरे तीन नैर्ऋत्येकडून आले. पाठीमागून.

ती उठून उभी राहिली. गाडी घराजवळून गेली असती तर इंजिन ऐकू आलं असतं. जनरेटरच्या आवाजात कळलं नसेल, तिनं म्हटलं. वाऱ्यानं आवाज फिरवला असेल. खिडकीच्या काचेवर तिनं तळवा टेकवला. काच जराही थरथरत नव्हती. वारा नव्हता.

चौथे तीन पूर्वेकडून. पाचवे, कुठून ते सांगताच येईना. सगळे सारख्याच अंतरावरून, जणू घर मधे ठेवून कोणी दोरीच्या टोकाला बांधलेल्या बैलासारखं फिरतंय. अकरा वाजता ती दारात उभी राहून वाट बघत होती.

पीप.

पीप.

तिसरा आलाच नाही.

ती तशीच उभी राहिली, मान जराशी पुढं काढून, तिसऱ्या हॉर्नसाठी. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग तिनं दार लावलं, कडी घातली, कडी ओढून बघितली. परत ओढून बघितली. तिसऱ्यांदा कडीवर हात ठेवला आणि तिथंच ठेवून राहिली.

५

रेंज फक्त स्वयंपाकघरात होती, सिंकवरच्या खिडकीत. आणि तीही खिडकीबाहेरचं लोखंडी शटर वर केलं तरच. सकाळी पोचल्याचा फोन तिनं तिथूनच केला होता.

तिनं शटर हातभर उचललं. आईला लावला. रिंग गेली, गेली, थांबली. शुक्रवारी आई भजनाच्या क्लासला असते, फोन पर्सच्या तळाशी. दत्ता सरांना लावला. रिंग. शुभ्राला लावला. रिंग. यहयाला लावला आणि कान शटरपाशी नेला. बाहेर कुठं वाजताना ऐकू येईल अशी वेडी आशा. पोलिसांचा नंबर फिरवला, तर रेंजची उरलेली एक काडीही विझली. 'प्लीज कॉल. अर्जंट' असा मेसेज आई, सर आणि शुभ्रा, तिघांनाही टाकला. एकालाही दुसरी टिक आली नाही.

हात काही करत राहावेत म्हणून तिनं लॅपटॉप उघडला. नववा कागद. मूळ स्कॅन, तिनं स्वच्छ करण्याच्या आधीचा. स्वच्छ करणं म्हणजे डाग, घड्या, बुरशी, बोटांचे ठसे पुसणं. ईशान्येच्या कोपऱ्यातला एक पुसट करडा पट्टाही तिनं मंगळवारी पुसला होता. मळ असावा म्हणून. आता तिनं तो मोठा केला, आणखी मोठा केला, काळा गडद केला.

मळ नव्हता. अक्षर होतं. मुंगीएवढं, इंग्रजी, आडवं लिहिलेलं.

वाटाड्या म्हणतो, या अंगाला रेघ जोडू नका. सगळे अजून परत आलेले नाहीत. कोण, असं विचारलं. म्हणाला, जनावरं घेऊन आत चरायला गेलेले. मी चहूकडे पाहिलं. एक शेळीसुद्धा दिसत नव्हती. म्हातारा रडायला लागला म्हणून त्याचं मन राखलं.

पर्णिकानं ते चारदा वाचलं.

हे बघ, तिनं स्वतःला सांगितलं, आणि तिला स्वतःचा आवाज दत्ता सरांसारखा वाटला. हे बघ, तो कागद आहे. कागदावर केलेली गोष्ट कागदावर होते. कंप्युटरातली कंप्युटरात. वाळूला काय ठाऊक तू गुरुवारी पावणेसहाला कुठं क्लिक केलंस ते?

मग तिनं पिवळ्या भरलेल्या आकाराकडे पाहिलं. मधोमध हे पाहुणेघर. भोवती न तुटणारी रेघ.

जोडलेला तुकडा निवडून तिनं डिलीट दाबलं. 'ही प्रत फक्त पाहण्यासाठी आहे.' परत दाबलं. तेच. खरी फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर होती. तिथं बसून शुभ्रानं दोन क्लिक केले असते की झालं असतं. चारशे मीटर, दोन क्लिक. पण बाराला ती फाइल दत्ता सर क्लायंटकडे पाठवणार होते, आणि एकदा गेली की ती आपली राहत नाही. छापायलाच जाते. शिवाय शुक्रवारी ऑफिसही बाराला बंद.

अकरा बावीस झाले होते. वेड्यासारखं वाटलं तरी चालेल, शुभ्रा हसली तरी चालेल. फक्त बाराच्या आत तिनं फोन उचलायला हवा.

६

अकरा एकतीसला जनरेटर बंद पडला.

एसीचा शेवटचा श्वास सुटला आणि घर एकदम पोकळ झालं. तेव्हा पर्णिकाला कळलं की रहाटही थांबलाय. कधीचा थांबलाय कोण जाणे. पाणी काढून झालं होतं.

त्याच्या जागी दुसरा आवाज होता. पाय घसटत चालण्याचा. एकाचा नव्हे, पुष्कळांचा, आणि माणसांचाही नव्हे. पुढचे पाय बांधून चरायला सोडलेलं जनावर जसं अर्धं पाऊल टाकतं, थांबतं, परत अर्धं टाकतं, तसा. उत्तरेच्या भिंतीपलीकडे. मग पूर्वेच्याही. मग काहीतरी जड अंग भिंतीला टेकलं, आणि गुडघे मोडून, कण्हत, खाली बसलं. गिलाव्याची पापडी खोलीच्या आतल्या बाजूला पडली.

फार्मवरचे उंट, तिनं म्हटलं. यहया म्हणाला होता ना, मागं फार्म आहे. सुटले असतील. गुराखी येईल, घेऊन जाईल. वास तर उंटांचाच होता, ओल्या लोकरीचा, आंबट दुधाचा, आणि त्यात धुराचा. इथं चूल कोणी पेटवली होती?

"कोण आहे?" ती ओरडली. "कौन है? मीन हुनाक?"

सगळं थबकलं. घसटणं थांबलं, रवंथ थांबला. कोणी दार वाजवलं नाही, कोणी कडी हलवली नाही. थोड्या वेळानं एक लहान मूल खोकलं आणि कोणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला असावा.

पर्णिका दारापासून मागं सरली. खोलीच्या मधोमध, चारही भिंतींपासून सारखी लांब, ती उभी राहिली. घाम डोळ्यांत उतरला तरी तिनं हात वर केला नाही.

पण ते आत येत नव्हते. हे तिला हळूहळू उमगत गेलं. दाराशी कोणी नव्हतं, फाटकही वाजलं नव्हतं. आवाज घरापासून दूर चालला होता, ईशान्येला, अर्ध्या अर्ध्या पावलानं. त्यांना आत यायचंच नव्हतं. ते आधीपासून रेघेच्या आतच होते. ते परत निघाले होते.

आणि तिकडे वाट नव्हती.

७

अकरा पन्नास.

स्वयंपाकघरातलं शटर तिनं मघाशी खाली ओढलं होतं, खटका लावला होता, तीनदा बघितला होता. आता तोच खटका तिला काढायचा होता. आयुष्यभर ज्या बोटांनी सगळं बंद केलं, ती बोटं ऐकेनात. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा खटका निघाला आणि तिनं शटर पुरतं वर ढकललं.

पांढरा उजेड आत आला. रेंजची एक काडी पेटली.

फोन सिंकच्या कठड्यावर ठेवून तिनं शुभ्राला लावला, स्पीकरवर. ट्रिंग ट्रिंग. बाहेर बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. भांड्यांच्या स्टँडकडे बघायचं. स्टँडमध्ये एक कप होता, त्याला तडा होता. रिंग संपली. परत लावला.

अकरा त्रेपन्न. परत.

अकरा पंचावन्नला तिनं मान वर केली.

धूळ थोडी बसली होती. फाटक दिसत होतं, आणि फाटकावर ओढणी नव्हती. फाटकापलीकडे सपाट वाळू, आणि वाळूच्या शेवटी, जिथं आभाळ सुरू व्हायला हवं होतं तिथं, माणसं उभी होती. ओळीनं. खांद्याला खांदा लावून. बाया, माणसं, कडेवरची पोरं, मधे मधे बसलेली जनावरं. डावीकडे नजर पोचेल तिथवर आणि उजवीकडेही. आणि सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या. कोणी हलत नव्हतं. ती सगळी बाहेर बघत उभी होती, काउंटर उघडायची वाट बघणारी माणसं उभी राहतात तशी, पण किती तरी जास्त दिवस.

चार किलोमीटरवर माणूस दिसत नाही, तिच्या मनातल्या शहाण्या आवाजानं सांगितलं. तू चष्मा लावतेस.

तरी दिसत होती. आणि त्यांच्यात एक फिकट निळा शर्ट होता. पाठीवर सीटला टेकून पडलेली सुरकुती, मानेवर पांढरे केस, मेंदी न पोचलेले. यहया. बाकीच्यांसारखाच, हात खाली सोडून, बाहेर बघत.

"यहया भाई!"

त्यानं वळून बघितलं नाही. त्याच्या डाव्या अंगाला, एका माणसापुरती, जागा मोकळी होती.

ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग.

तिनं नजर सोडवून फोनवर आणली. कॉलच्या मागं नकाशा उघडाच होता. पिवळा आकार, त्याच्या भोवती रेघ. आणि ठिपका बैठकीच्या खोलीत नव्हता.

ठिपका चालत होता.

फाटक ओलांडून गेला होता. ईशान्येला, न घाबरता, न अडखळता चालला होता. पर्णिकानं दोन्ही हातांनी सिंकची कड धरली. सिंक गार होतं. पायाखालची फरशी कडक होती. मी इथं आहे, ती म्हणाली. मी इथंच आहे, मी कुठं गेले नाही. तिनं ते मोठ्यानं म्हटलं, परत म्हटलं, आणि ठिपका रेघेपाशी पोचून थांबला.

वर बघायचं नव्हतं तिला.

यहयाच्या शेजारची जागा भरली होती. तिथं एक मुलगी उभी होती. पाठमोरी, बारीक खांद्यांची, डोक्यावरून पिवळी ओढणी घेतलेली.

अकरा अठ्ठावन्न. ट्रिंग ट्रिंग. दोन क्लिक, शुभ्रा. फक्त दोन. उचल. उचल गं.

रिंग तुटली.

"हां दचकू, बोल," शुभ्राचा आवाज आला. मागं दत्ता सर कोणाशी तरी मोठ्यानं हसत होते, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "अगं किती मिस्ड कॉल! फोन चार्जिंगला होता. बोल ना, ऐकतेय मी."

पर्णिकानं तोंड उघडलं.

आणि तिकडे लांब, रेघेपाशी, पिवळ्या ओढणीतल्या मुलीनं फोन धरल्यासारखा हात उचलून कानाशी नेला.